न दिसणाऱ्या विमानाचा जमाखर्च

२०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात बेंगळुरूजवळील येलहंका येथे ‘एरो इंडिया’ हे प्रदर्शन भरले, तेव्हा अमेरिकेचे एफ-३५ आणि रशियाचे एसयू-५७ ही दोन लढाऊ विमाने भारतीय भूमीवर प्रथमच एकत्र पाहावयास मिळाली. दोन्ही ‘स्टेल्थ’ वर्गातील, म्हणजे रडारला सहजासहजी न सापडणारी. त्याच प्रदर्शनात भारताच्या ‘अ‍ॅम्का’ या नियोजित विमानाची पूर्णाकृती प्रतिकृतीही मांडलेली होती. पहिली दोन विमाने प्रत्यक्ष बनलेली होती. तिसऱ्याभोवतीही गर्दी कमी नव्हती, पण ते अजून बनायचे होते.

तेव्हापासून अंदाजांना ऊत आला आहे. भारत यांपैकी कोणते विमान घेईल? अ‍ॅम्का केव्हा उडेल? ते बांधण्याचे काम कोणत्या कंपनीच्या पदरात पडेल? आणि या प्रश्नांच्या पाठोपाठ येणारा, आपल्या घरांतून हल्ली हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, कोणता शेअर चढेल?

पाडव्याचे वहीपूजन आटोपल्यावर पेढीवर होणारा संवाद अनेकांच्या परिचयाचा असेल. नातू मोबाइल पुढे करून म्हणतो, “आजोबा, स्टेल्थ विमानाचं काम आता खासगी कंपन्यांनाही मिळणार आहे. आत्ताच थोडे शेअर घेऊन ठेवूया.” आजोबा चष्मा पुसत विचारतात, “माल तयार आहे का?” “नाही, अजून बनायचा आहे.” “मग भाव कशाचा चाललाय?” नातू हसतो, कारण भाव अंदाजाचा चाललेला असतो हे त्यालाही ठाऊक असते. आजोबांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, तो ते मोठ्याने विचारीत नाहीत: हा माल आपल्या घराने ज्यात पैसा गुंतवावा असा आहे काय?

या दोन्ही प्रश्नांचा स्वस्थचित्ताने विचार होणे आवश्यक आहे. पहिला हिशेबाचा आहे, दुसरा आचाराचा. हिशेबापासून आरंभ करणे सोयीचे.

स्टेल्थ म्हणजे अदृश्य नव्हे. रडार रेडिओलहरी सोडते, त्या विमानावर आदळून परत येतात आणि त्या प्रतिध्वनीवरून विमानाचा ठाव लागतो. हा प्रतिध्वनी क्षीण करणे एवढाच स्टेल्थचा अर्थ. त्यासाठी विमानाचा आकार असा ठेवतात की, लहरी आल्या वाटेने परत न जाता भलतीकडे वळाव्यात. पृष्ठभागावर लहरी शोषून घेणारा लेप असतो आणि क्षेपणास्त्रे पंखाखाली न लटकवता पोटात दडवलेली असतात. येथे एक गणित लक्षात ठेवण्याजोगे आहे. रडारचा पल्ला प्रतिध्वनीच्या चतुर्थमूळाच्या प्रमाणात कमी होतो. प्रतिध्वनी ९० टक्क्यांनी घटवला, तरी २०० किलोमीटरवरून दिसणारे विमान सुमारे ११२ किलोमीटरवरून दिसतेच. पल्ला २० किलोमीटरवर आणावयाचा, तर प्रतिध्वनी दहाहजारांश करावा लागतो. म्हणजे खर्च आणि कष्ट अनेक पटींनी वाढवावे, तेव्हा लाभ थोडा थोडा वाढतो. व्यापारात मुरलेल्या माणसाला हे गणित नवे नाही. शेवटच्या थोड्या शुद्धतेसाठी सर्वांत जास्त मोल मोजावे लागते, हे सोन्याच्या पेढीवर लहान मुलालाही ठाऊक असते.

लपवलेल्या वस्तूविषयी केलेले अंदाज कसे चुकतात, याचे एक उदाहरण बोधप्रद आहे. १९८० च्या दशकात अमेरिका गुप्तपणे स्टेल्थ विमान बनवीत असल्याची कुणकुण सर्वत्र होती. त्याचे नाव ‘एफ-१९’ असणार, असे लोकांनी परस्पर ठरवून टाकले. १९८६ साली टेस्टर या अमेरिकी कंपनीने या कल्पित विमानाची जोडून बनवावयाची प्रतिकृती बाजारात आणली आणि ती भराभर खपली. तिचे अंग गुळगुळीत व वळणदार होते. पुढे १० नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकी सरकारने खऱ्या विमानाचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्याचे नाव होते एफ-११७, आणि अंगावर एकही वळण नव्हते. सारा देह सपाट पैलूंचा होता. हे विमान १९८१ सालापासून उडत होते. लोक ज्याची प्रतिकृती दिवाणखान्यात मांडून बसले होते, त्या विमानाचे नावही चुकलेले होते आणि रूपही.

हे पैलू आपल्या समाजातील हिरेव्यापाऱ्यांना विशेष रुचतील. हिऱ्याला पैलू पाडतात ते आत शिरलेला प्रकाश परतून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत यावा म्हणून. या विमानाचे पैलू नेमक्या उलट हेतूने पाडलेले होते. आलेली लहर पाहणाऱ्याकडे परत जाऊच नये, हे त्यांचे काम. लॉकहीड कंपनीतील आरंभीच्या आराखड्याला अभियंत्यांनी मूळच्या भारतीय ‘होप’ हिऱ्याच्या नावावर श्लेष करून ‘होपलेस डायमंड’ असे थट्टेचे नाव दिले होते. वळणदार पृष्ठभागाचे गणित त्या काळच्या संगणकांना झेपत नव्हते, म्हणून पृष्ठभाग सपाट ठेवले गेले. त्या गणिताचा पाया तरी कोणाचा? प्योत्र उफिमत्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाचा. त्यांनी १९६२ साली लहरींच्या विवर्तनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. स्वदेशात त्याची फारशी किंमत झाली नाही. अमेरिकी वायुदलाने १९७१ मध्ये त्याचे भाषांतर करून घेतले आणि लॉकहीडच्या एका गणितज्ञाने त्यातील मोल ओळखले. ज्याला साऱ्या जगाने गुपित मानले, त्याचा मूळ आधार उघड्यावर पडलेला होता.

आपल्या न्यायशास्त्रात अनुमान हे परोक्ष प्रमाणांपैकी एक मानलेले आहे. पण त्याला अट आहे. हेतू आणि साध्य यांच्यात अविनाभाव, म्हणजे एकावाचून दुसरे असूच शकत नाही असा संबंध असला पाहिजे. धूर दिसला की अग्नी आहे हे अनुमान होय. ढग दिसला म्हणून अग्नी आहे असे म्हणणे ही केवळ कल्पना होय. २६ डिसेंबर २०२४ रोजी चीनमधील चेंगदू शहरावरून शेपटी नसलेले, तीन इंजिनांचे एक अपरिचित विमान उडताना लोकांनी पाहिले आणि त्याची छायाचित्रे जगभर पसरली. उभी शेपटी नाही, यावरून बाजूने येणाऱ्या रडारलहरींपासूनही बचावाचा प्रयत्न आहे असे म्हणता येते. हे अनुमान झाले. परंतु तीन इंजिने का? विमान मोठे असून त्याला दूरचा पल्ला आणि भरपूर वीज हवी म्हणून, असे काही म्हणतात. पुरेशा ताकदीचे इंजिन अद्याप हाती नाही म्हणून, असे इतर म्हणतात. एकाच हेतूवरून दोन साध्ये निघत असतील, तर ‘स्यात्’ म्हणून थांबणे हेच विवेकाचे. अनेकान्ताचा अर्थ सगळेच खरे असा नव्हे. ज्या बाजूने पाहिले ती बाजू सांगून, न पाहिलेल्या बाजूविषयी मौन पाळणे असा आहे.

आता खर्चाकडे वळू. अमेरिकेच्या एफ-२२ या विमानाच्या पहिल्या नमुन्याने १९९० साली उड्डाण केले आणि ते विमान सेवेत आले २००५ साली. मूळ योजना ७५० विमानांची होती. तोवर सोव्हिएत संघ लयास गेला, खर्च वाढत गेला आणि अखेर चाचणीची वगळता १८७ विमानांवर काम थांबले. एकंदर खर्च सुमारे ६७ अब्ज डॉलर. म्हणजे संशोधनाचा भार धरून एकेक विमान ३४ कोटी डॉलरहून महाग पडले. वस्तुतः अखेरच्या टप्प्यात आणखी एक विमान बनवण्याचा खर्च याच्या निम्म्याहूनही कमी होता. स्थिर खर्च थोड्या नगांवर वाटला गेला की प्रत्येक नग महाग होतो, हा वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा धडा येथे अब्जावधी डॉलर मोजून गिरवला गेला.

त्याच्या पुढच्या पिढीची कथाही अशीच. अमेरिकेने २०२० साली सांगितले की, नव्या पिढीच्या विमानाचा एक प्रायोगिक नमुना उडूनही झाला आहे. पण २०२४ साली खर्चाचा आकडा पाहून खुद्द वायुदलानेच प्रकल्प थांबवून फेरविचार सुरू केला. पुढे २१ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी हे काम बोइंगला दिल्याचे आणि विमानाचे नाव एफ-४७ असल्याचे जाहीर केले. त्या वेळी जे चित्र दाखवले गेले, त्यात विमानाचा पुढचाच भाग नीट दिसत होता. उरलेल्या विमानाविषयी पुन्हा अंदाज सुरू झाले. ब्रिटन, इटली आणि जपान यांनी संयुक्तपणे हाती घेतलेले विमान २०३५ साठी योजलेले आहे.

भारताची गणना या पार्श्वभूमीवर केली पाहिजे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या सुरक्षाविषयक समितीने अ‍ॅम्काच्या आराखडा व विकासासाठी सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर केले. विमान दोन इंजिनांचे, सुमारे २५ टन वजनाचे असेल आणि त्याचे पाच नमुने बनतील. मे २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने असे धोरण ठरवले की, हे काम सरकारी व खासगी कंपन्यांनी समान पायावर स्पर्धा करून मिळवावे. पूर्वी ते निर्विवादपणे हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे गेले असते. शेअरबाजारातील उत्साहाचे मूळ या निर्णयात आहे. विमान वायुदलात दाखल होण्याचे उद्दिष्ट मात्र २०३५ च्या आसपासचे आहे.

प्रकल्पासाठी कर्जाचा अर्ज आला की जाणता बँक अधिकारी प्रथम अर्जदाराचा पूर्वेतिहास पाहतो, मग कच्च्या मालाचा पुरवठा, आणि सर्वांत शेवटी नफ्याचा तक्ता. कारण नफ्याचा तक्ता नेहमीच सुंदर असतो. येथे पूर्वेतिहास असा: तेजस या हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ साली मंजूर झाला, पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले आणि पहिली तुकडी जुलै २०१६ मध्ये उभी राहिली. मंजुरीपासून सेवेपर्यंत ३३ वर्षे. रशियाबरोबर स्टेल्थ विमान बनवण्याचा करार डिसेंबर २०१० मध्ये झाला, त्याच्या प्राथमिक आराखड्यासाठी भारताने २९.५ कोटी डॉलर मोजण्याचे ठरले आणि २०१८ साली भारत त्या प्रकल्पातून बाहेर पडला.

कच्च्या मालाची नस इंजिनाची आहे. १९६१ साली उडालेले ‘मरुत’ हे भारतीय लढाऊ विमान घडणीने उत्तम होते, पण योग्य ताकदीचे इंजिन न मिळाल्याने त्याची क्षमता अखेरपर्यंत दबलेलीच राहिली. ‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प १९८९ साली सुरू झाला आणि २००८ साली तेजसपासून तो वेगळा काढावा लागला. तेजसची ८३ सुधारित विमाने मागवण्याचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला, पण त्यांच्यासाठीचे पहिले अमेरिकी इंजिन येण्यास मार्च २०२५ उजाडला. अ‍ॅम्काच्या पहिल्या आवृत्तीतही अमेरिकी इंजिनच असणार आहे. पुढील आवृत्तीसाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीच्या सहकार्याने देशातच इंजिन घडवण्याचा संकल्प २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने बोलून दाखवला. जी पेढी मुख्य मालासाठी एकाच परगावच्या आडत्यावर अवलंबून असते, तिच्या वायद्यांकडे जुने लोक सावधपणे पाहत. तोच सावधपणा येथेही उचित होय.

तरीही विमान नकोच असे म्हणता येत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले आणि वायुदलाच्या लढाऊ तुकड्या मंजूर ४२ वरून २९ वर आल्या. ज्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात एकेकाळी मिग-२१ बनत, तेथेच त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तेजसची नवी उत्पादनसाखळी सुरू झाली. तूट खरी आहे, गरज खरी आहे आणि प्रयत्नही खरा आहे. प्रश्न फक्त इतकाच की, दहा वर्षांनी पिकणाऱ्या शेताचे मोल आजच पुरते चुकवावे काय. बाजारभावात जर २०३५ चे यश आधीच धरलेले असेल, तर विमान वेळेवर उडूनही गुंतवणूकदाराच्या हाती विशेष काही लागणार नाही, आणि ते लांबले तर तोटा मात्र पदरी येईल. मुलीच्या शिक्षणाचा, घराचा, म्हातारपणाचा पैसा या कामी नसावा. उरल्यासुरल्या पैशातूनही अंदाजाच्या बळावर वायदे तर करूच नयेत.

आता दुसरा प्रश्न. येथे एका पूर्वजाचे स्मरण अगत्याचे आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३९ मध्ये परदेशप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकी विमानव्यावसायिकाची गाठ पडताच भारतात विमानांचा कारखाना काढण्याचे मनावर घेतले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकार भागीदार झाले आणि १९४२ मध्ये युद्धाच्या निकडीपोटी सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. त्याच कंपनीतून पुढे आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स आकारास आली. ज्या काळी देशात साधी मोटारही बनत नव्हती, त्या काळी एका जैन शेठने विमानाचे स्वप्न पाहिले, ते शेअरचा भाव पाहून नव्हे. हा देश स्वतःच्या पायावर उभा राहावा, ही त्यामागची तळमळ होती. अंदाज त्यांनीही बांधला होता, पण त्या अंदाजामागे स्वतःचे भांडवल, स्वतःचे नाव आणि स्वतःचे श्रम लावले होते.

शास्त्राचे सांगणे मात्र विसरून चालणार नाही. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांमध्ये विषवाणिज्य आहे आणि आचार्य हेमचंद्रांनी त्यात शस्त्रांच्या विक्रीचाही समावेश केलेला आहे. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान, म्हणजे हिंसेची साधने पुरवणे, हे गणलेले आहे. दुसऱ्या बाजूस हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद करून, आक्रमणापासून रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वथा टाळता येत नाही, हेही परंपरेने मान्य केले आहे. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता. त्या मूर्तीच्या पायाशी मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांपैकी एक आहे. ज्याने तलवार धरली, त्यानेच त्यागाची एवढी मोठी मूर्ती उभारली, यातील विसंगती आणि संगती दोन्ही ध्यानात घेण्याजोगी आहेत.

म्हणून देशाने विमान बनवावे की नाही, हा एक प्रश्न आणि त्या विमानावर घराने नफा कमवावा की नाही, हा दुसरा. कर भरणारा प्रत्येक नागरिक पहिल्यात सहभागी आहेच, त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. दुसऱ्याचे उत्तर ज्याने त्याने व्रताच्या मर्यादेनुसार, गुरुजनांना विचारून द्यावे. काही घरे शस्त्रांशी संबंधित कंपन्या पूर्णतः वर्ज्य करतील. त्यांनी आपल्या म्युच्युअल फंडांची यादीही एकदा डोळ्यांखालून घालावी, कारण पुष्कळदा वर्ज्य वस्तू तेथून नकळत घरात आलेली असते. इतर काही घरे देशरक्षणाचा उद्योग म्हणून दीर्घकाळासाठी थोडी गुंतवणूक करतील. दोघांनीही एकमेकांना हिणवू नये.

परंतु एक कसोटी दोघांनाही लागू आहे. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर संघर्ष पेटला, तेव्हा संरक्षणक्षेत्रातील कंपन्यांचे शेअर चढले. त्या दिवसांत सीमेलगतच्या गावांमधून माणसे घरदार सोडून निघाली होती, जवानांच्या घरी दिवे रात्रभर जळत होते. अशा वेळी भाव पाहून ज्याच्या मनाला प्रथम आनंद झाला, त्याने आपल्या चोपडीत नफा मांडण्यापूर्वी थोडे थांबावे. दुसऱ्याच्या घाताचे चिंतन, म्हणजे अपध्यान, हाही अनर्थदंडच आहे. हातून काहीही न घडता तो केवळ मनाने घडतो, म्हणून तो लक्षातही येत नाही. लढाई व्हावी अशी इच्छा ज्या गुंतवणुकीमुळे मनात डोकावू लागते, ती गुंतवणूक कितीही नफ्याची असली तरी घराला महाग पडते.

पेढीवरच्या त्या नातवाला आजोबांनी नकार द्यावा की होकार, हे त्या घराचे त्या घराने ठरवावे. मात्र त्याने विचारले आहे याचे कौतुक करावे, त्याला शेजारी बसवून घ्यावे आणि त्याच्याकडून तीन गोष्टी एका कागदावर लिहून घ्याव्यात. कंपनीला आज प्रत्यक्ष हाती असलेले काम किती? आपण जे म्हणतो ते अनुमान की कल्पना? आणि उद्या युद्धाची बातमी आली, तर हा कागद पाहून आपल्याला काय वाटावे असे आपल्याला वाटते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने आजोबांना दाखवले नाही तरी चालेल. ते त्याने स्वतः मात्र वाचावे आणि कागद वहीत जपून ठेवावा.